तळटीपेतला शिंपी

बसच्या दाराच्या खिळ्यानं माझ्या कुर्त्याचा खांदा उसवला, आणि लेक्चर अवघ्या वीस मिनिटांवर होतं. धारच्या बसस्टँडसमोर ‘पतंगे टेलर्स’ अशी पाटी दिसली. ओढणी खांद्यावर घट्ट धरून मी आत शिरले.

मशीनवरच्या तरुणानं वर पाहिलं... आणि झटकन नजर खाली घेतली.

“अंगावरच शिवून देतो मॅडम. हा दोरा दातांत धरा. अंगावरचं कापड शिवताना बोलायचं नसतं.”

मला तीन मिनिटं गप्प बसवणारा तो जगातला पहिलाच माणूस. सुई कानाजवळून जात होती, इस्त्रीच्या वाफेचा उबदार वास येत होता, आणि माझं हृदय उगाचच धडधडत होतं.

“ही फाईल... उलट्या बाजूनं लिहिलीय का हो?” दोरा तोडत त्यानं विचारलं.

“हिब्रू आहे. उजवीकडून वाचतात. चार वर्षं हेच शिकतेय.”

“अरे वा,” तो म्हणाला. “मला तर मराठीही धड वाचता येत नाही. हिंदी मीडियम.”

त्याचं नाव नीलकंठ. मी रुची, देवासची. दर शनिवारी धारच्या कॉलेजात शिकवायला यायची. देवासच्या पोरीला हिब्रू कशाला, असं सगळे नातेवाईक विचारून दमले होते. मला मात्र त्या अक्षरांचा अभिमान होता. कुणी नाक मुरडलं की तो आणखी वाढायचा.

पुढच्या शनिवारी माझ्या सलवारीची शिलाई गेली. त्याच्या पुढच्या शनिवारी बाही. मग कॉलर.

चौथ्या खेपेला नीलकंठनं कापड उजेडात धरलं. “मॅडम, खांदा बसनं फाडला होता, ते कबूल. पण ही शिलाई ब्लेडनं उसवलीय.”

“काहीतरीच! तुम्हाला काय कळतं?”

“तुटलेला धागा पिंजतो. कापलेला साफ असतो.” तो हसला नाही, पण डोळे हसत होते. “पुढच्या शनिवारी नुसत्याच या ना... कपड्यांना कशाला त्रास?”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी पुढच्या शनिवारी मी गेलेच, नुसतीच.

त्या दिवशी मी त्याला माझी अडचण सांगितली. हिब्रू धर्मग्रंथात जलप्रलयाची गोष्ट आहे. एका ठिकाणी देव म्हणतो, प्रत्येक प्राण्याची एक जोडी तारवात घे. थोडं पुढे म्हणतो, शुद्ध प्राण्यांच्या सात जोड्या घे. एकीकडे चाळीस दिवस पाऊस, दुसरीकडे दीडशे दिवस पाणी. अभ्यासकांच्या मते या मुळात दोन वेगळ्या गोष्टी, नंतर कुणीतरी एकत्र जोडलेल्या.

“हे सगळ्यांनाच माहीत आहे. माझे पीएचडीचे गाइड विचारतात, यात तुझं काय? महिन्याभरात सेमिनार आहे. तिथं उत्तर नसेल तर विषय बदलायचा. चार वर्षं फुकट.”

“आणि जोडणारा? तो कोण होता?”

“असेल कुणी धांदरट. दोन गोष्टींतला विरोधही त्याला दिसला नाही.”

मशीन थांबलं. नीलकंठचा चेहरा बदलला, जणू मी त्याच्या घरच्याच कुणाला बोलले होते.

त्यानं कपाटातून एक दुपटं काढलं. “हे बारशाचं. अर्धं आईच्या आईच्या लुगड्याचं, अर्धं बापाच्या आईच्या. हा जोड मी लपवू शकतो मॅडम. लपवत नाही. दोन्ही आज्यांना आपापलं लुगडं ओळखू आलं पाहिजे, नाहीतर एक तरी रुसेल. तुमचा तो जोडणारा भिया, म्हणजे भाऊ, धांदरट नाही हो... उस्ताद होता. त्याच्यासमोर दोन घरं होती.”

मी दुपट्याच्या जोडावरून बोट फिरवलं.

“आणि तुम्ही देवासच्या,” तो चिडवत म्हणाला. “एका गावात पूर्वी दोन राज्यं, थोरली पाती नि धाकटी पाती. टेकडीवर देवीसुद्धा दोन. तुम्हाला हे मी सांगायचं?”

आठवड्यात प्रकरण लिहून झालं. दोन समाज, दोघांच्याही आठवणी खऱ्या, आणि कुणाचीच पुसायची नाही म्हणून जोड उघडा ठेवणारा एक कारागीर. गाइड खूश झाले. फक्त शेवटच्या तळटीपेवर त्यांनी लाल रेघ मारली: ‘ही कल्पना नीलकंठ पतंगे, शिंपी, धार यांची.’

“हे काढ. बाहेरचे परीक्षक हसतील. प्रकरणच नापास करतील.”

मी नीलकंठला सांगितलं. तो बराच वेळ कात्रीशी चाळा करत राहिला.

“काढून टाका. माझ्या नावापायी तुमची चार वर्षं...”

“तुम्हाला काय वाटतं ते सांगा.”

“वाटतं... राहावं. खोटं कशाला बोलू?”

सेमिनार देवासला झाला. मी वाचत गेले, सभागृह शांत होत गेलं. शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढला. “फार सुंदर. ही मांडणी कुणाच्या ग्रंथातली?”

गाइडनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

“ग्रंथातली नाही, सर. नीलकंठ पतंगे. धारला शिंपी आहेत.”

मागून हसण्याची एक लाट आली. माझा आवाज चढला. “आपण सगळ्यांनी ही गोष्ट उसवून पाहिली. जोडणाऱ्याची बाजू ज्याला कळली, तो रोज जोडतो. त्याचं नाव न घेता मी ही पदवी घेणार नाही.”

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. “आडनाव पुन्हा सांगा,” ते म्हणाले, आणि लिहून घेतलं. “प्रकरण मंजूर. तळटीप राहू दे.” सभागृहात टाळ्या वाजल्या.

दाराशी कुणीतरी उभं होतं. नीलकंठ! ऐन लग्नसराईत दुकान बंद करून आलेला, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, डोळे भरलेले. आयुष्यात एवढा अभिमान मला कशाचाच वाटला नव्हता... ना हिब्रूचा, ना त्या टाळ्यांचा.

आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो.

“रुची...” पहिल्यांदाच त्यानं मॅडम म्हटलं नाही. “मला तुम्ही फार आवडता. सांगणार नव्हतो. पण आज एवढ्या लोकांसमोर तुम्ही घाबरला नाहीत, मग मीच काय घाबरायचं?”

“मग आधी का नाही बोललात?”

“तुमचं घर शिकलेल्यांचं. घरी काय सांगाल, कोण आहे म्हणून?”

“आत सांगितलं तेच,” मी म्हणाले. “नीलकंठ पतंगे, शिंपी, धार. फक्त पुढे एक शब्द वाढवीन — माझा.”