चालू जोडणीला लागू नाही

आलेखातली हिरवी रेघ पुन्हा वर चढली आणि निरंजन घैसासच्या अंगाचा तिळपापड झाला. मंगळाभोवती फिरणाऱ्या 'अगस्ती' यानावर त्याची बायको इरावती भूवैज्ञानिक होती, आणि ती रेघ तिच्या हसण्याची होती. ते हसू पृथ्वीकडे येत नव्हतं. यानातल्याच तेजस मोकाशी नावाच्या वैमानिकाकडे जात होतं.

वर हे मोजायची सोय निरंजननेच करून ठेवलेली! यानावरची माणसं आणि त्यांचे घरचे कानामागे भावटिकली लावत. शब्दांबरोबर बोलणाऱ्याच्या मनातली लहरही ती पोचवायची. माया असली की ऐकणाऱ्याला ऊब वाटायची, राग असला की चटका बसायचा. या टिकल्यांमध्ये निरोपांची ने-आण करणारं, सी या संगणकभाषेतल्या आज्ञावलींचं ग्रंथालय निरंजनने लिहिलं होतं आणि त्याच्या सगळ्या किल्ल्याही त्याच्याचकडे होत्या.

"समितीला लहरींचा भार कमी करायचाय," मोहिमेच्या मानसतज्ज्ञ डॉ. यास्मिन मुजावर खुर्ची ओढत म्हणाल्या. "आज अट घातली तर लगेच फरक पडेल का हो?"

"नाही, डॉक्टर. प्रत्येक माणसाची एक खोबण, म्हणजे सॉकेट असतं आणि तिच्यातून इतरांकडे बऱ्याच जोडण्या निघतात. निरोपांची रांग किती लांब ठेवायची, काय गाळायचं, या अटी खोबणीला घालायच्या. पण जोडणी जुळते तेव्हाच्याच अटी ती सोबत घेते. नंतर बदललेली अट चालू जोडणीला लागू नाही. नव्याने जुळेल तिलाच. लग्नाच्या याद्यांसारखं समजा. अक्षता पडल्यावर मानपान काढून काय उपयोग?"

"तुमच्या याद्यांत काही राहून गेलं होतं वाटतं!" मुजावर हसल्या. निरंजन हसला नाही. त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता.

त्याची आणि इरावतीची जोडणी उड्डाणापासूनची, एकदाही न तुटलेली. मोकाशी मात्र उद्या मंगळावर उतरणार होता. तो यान सोडणार, त्याची जोडणी तुटणार आणि खालून नवी जुळणार. डॉक्टर गेल्यावर निरंजनने इरावतीच्या खोबणीला एका ओळीची गाळणी लावली: माया आणि हसू जाऊ देऊ नये. आता बोल म्हणावं मोकाशीशी, कामापुरतं! त्याला अगदी गार वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो कुणाशी न बोलता थेट टेबलाशी जाऊन बसला. इरावतीचा निरोप आला. "मी बरी आहे. जेवलास का?" शब्द नेहमीचेच, पण ऊब नाही. कोरडे ठणठणीत. मोकाशी खाली उतरला आणि हिचा जीवही त्याच्याबरोबर गेला की काय?

"मोकाशी गेला म्हणून एवढी सुकलीस?" त्याने उलट निरोप धाडला. त्याच्या स्वतःच्या खोबणीला गाळणी नव्हती. मनातलं सगळं जळजळीत तसंच्या तसं गेलं.

"मोकाशी कुठे गेला?" मागून येणाऱ्या मुजावरांनी विचारलं. "पहाटे सौरवादळ आलं, म्हणून उतरणं रद्द झालं. यानाने वादळाकडे ढाल फिरवली, त्यात पृथ्वीकडे रोखलेली अँटेनाची तबकडीही वळली. बराच वेळ आपला संपर्क तुटला होता."

"माझी जोडणी तुटली? मला कळलंच नाही."

"कसं कळेल? तुटलेली जोडणी आपली आपण, गुपचूप जुळते. उगाच कुणाला कटकट नको म्हणून तुम्हीच तसं लिहिलंय ना?"

निरंजनचा चेहरा पडला. यानातल्या यानात मोकाशीची जोडणी शाबूत होती. नव्याने जुळली होती ती त्याचीच. झक मारत त्याने मुजावरांना सगळं सांगितलं.

"मग काढा की गाळणी!"

"काढली. पण काढणं हीसुद्धा अटच. चालू जोडणीला लागू नाही. आता मुद्दाम तोडायची तर तिची संमती लागते, आणि संमतीच्या पडद्यावर कुणी कोणती अट घातली ते दिसतं."

निरंजनने विनंती पाठवली. ती मंगळापर्यंत जाऊन उत्तर येईपर्यंत तो नखं खात बसला. त्याचा संसार त्या एका उत्तरावर टांगलेला होता.

उत्तर आलं. "वेडा आहेस तू. मी परत येईपर्यंत जोडणी अशीच राहू दे."

"चिडल्या ना?" मुजावरांनी हळूच विचारलं.

"नाही. राग गाळणीत अडकत नाही. असता तर चटका बसला असता."

"मग चांगलंच झालं की!"

निरंजनने निरोप पुन्हा ऐकला, मग पुन्हा. त्या शब्दांमागे माया असेल तर ती वाटेत गाळली गेली होती. नसेल तर गाळण्यासारखं काही नव्हतंच. त्याच्यापर्यंत पोचणारी लहर दोन्हींत सारखीच असणार होती. हे बोलताना मोकाशी मात्र तिच्या शेजारीच बसलेला असेल. त्याला नक्की काय ते कळलं असेल.