बाबांची माफी परत

"आजपासून ही इमारत आणि आपण यांच्यात युद्ध," किल्ली जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवरून म्हणाली. "न्याय मिळेपर्यंत माघार नाही."

सैन्यात ढब्बू आणि त्याची धाकटी बहीण भिंगरी एवढेच होते. युद्ध साडेबाराच्या आत संपेल का, असं ढब्बूने विचारलं. घरी जेवायला हाक मारतात.

किल्ली ही कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याची एकुलती एक मुलगी. ती चार वर्षांची असताना आई वारली. सुट्टीच्या तिसऱ्याच दिवशी इमारतीच्या खेळघरात टेबल-टेनिसच्या टेबलाचा पाय मोडलेला सापडला. सेक्रेटरीकाकांनी दुकानासमोर येऊन निकाल दिला. खेळघराची किल्ली एकच, ती दुकानात टांगलेली, आणि दुपारी दुकानात ही मुलगी एकटी. "घरात आई नाही. वळण लावणार कोण?" मग सुट्टीभर तिला खेळघर बंद.

बाबांनी हातातली कानस ठेवून माफी मागितली. आई गेल्यापासून त्यांची माफी रुमालासारखी वरच्या खिशातच असे. पालकसभेला उशीर झाला, काढ माफी. लेकीची वेणी वाकडी आली, काढ माफी.

"खेळघर गेलं खड्ड्यात," किल्ली म्हणाली. "मला बाबांची माफी परत पाहिजे."

दुपारी तिघं पाळतीवर गेली, तर खेळघराचं कुलूप उघडं लोंबकळत होतं. दाराला आतून कडी, आणि आत कुणीतरी मनापासून घोरत होतं. भिंगरी दार वाजवणार होती. किल्लीने तिचा हात धरला. मोठी माणसं अशा वेळी 'पाहणी करत होतो' म्हणतात, आणि बाकीच्या मोठ्या माणसांना ते पटतं.

तिने दुकानातून दिसायला तसंच एक कुलूप आणलं. बाबांनी ते कधी विकलं नव्हतं. वाचायला नेलेल्या पुस्तकासारखी त्यात किल्ली जाई, ती परत येत नसे. तिने हे कुलूप दाराला लटकवलं आणि जुनं काढून नेलं. संध्याकाळी पाहिलं तर कुणीतरी न बघता ते दाबून बंद केलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेक्रेटरीकाका कुलपाशी झटापट करताना सापडले. त्यांच्या जुडग्यातली किल्ली आत अडकली होती. ती त्यांनी ओढली, फिरवली, शेवटी समजावून पाहिली. जुडग्यात घराची आणि स्कूटरचीही किल्ली, म्हणजे सोडून जायचीही सोय नाही.

"काका, कुलूपवाल्याला बोलवू?" किल्लीने अदबीने विचारलं. तोवर भिंगरीने चारही मजल्यांवरच्या घंटा वाजवल्या होत्या.

जिना माणसांनी भरला. बाबा आले. सावकाश करवत चालवता चालवता म्हणाले, "किल्ली एकच होती ना?"

कुलूप तुटून पडलं. दार उघडलं. आत जमिनीवर सतरंजी, उशी आणि काकांचा चष्मा. घरातल्या नातवंडांच्या गोंगाटाला कंटाळून ते रोज इथे झोपायला येत. आधी टेबलावर झोपत, पण ते टेबलाला मानवलं नाही.

"चुकलं असेल," काका पुटपुटले.

"असेल नाही," किल्ली म्हणाली. "आणि बाबांकडे बघून."

काकांनी बघितलं. "चुकलं. माफ करा."

बाबांना माफी मागायची सवय, ऐकायची नाही. ते करवत पुसत राहिले. मग किल्लीच्या वेणीवरून, जरा वाकडीच होती, हात फिरवला.

"बिनआईची पोर, पण काय डोकं आहे," चौथ्या मजल्यावरच्या आजी कौतुकाने म्हणाल्या.

"बिनआईची नाही, आजी. बाबांची."

काका खाकरले.

"बाळ," ते हळूच म्हणाले, "ती उशी तेवढी देतेस? तिच्याशिवाय डोळा लागत नाही."