रिकाम्या गल्लीतला शेजार

जेद्दाच्या उत्तरेला समुद्रकाठी नवं शहर वसतंय. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना एकसारखे पांढरे बंगले, आणि राहणारे फक्त आम्ही दोघं, मी आणि सकिना. शहर लाखो लोकांसाठी आखलेलं. माणसं अजून यायची होती. कंपनीच्या मेंटेनन्सला असल्यामुळे बाकीच्या घरांच्या चाव्या माझ्याकडेच.

बरीच वर्षं कामगारांच्या कॅम्पात एकट्यानं काढल्यावर मी सकिनाला दापोलीहून आणलं होतं. थोड्याच दिवसांत ती रडकुंडीला आली.

"बोलायला भिंती आहेत नुसत्या. मला गावी पोचवा."

पुढच्या सुट्टीत तिकीट काढू, म्हणालो. मन मात्र खट्टू झालं.

आणि एका संध्याकाळी घरी आलो, तर आमच्या बाई गुणगुणत होत्या. ओट्यावर वाफाळती सांदणं.

"अहो, शेजार आला! नूरुन्निसा नाव. हर्णैच्या आहेत. कुंपणाच्या भिंतीवरून ताटली दिली."

"बाजूच्या घराला वीज नाही, पाणी नाही," मी म्हणालो.

"येईल की. माणसं तर आली!"

सांदणं फर्मास होती.

सकाळी मी शेजारचं कुलूप उघडलं. फटींतून आलेली वाळू फरशीवर सारखी पसरलेली. त्यावर एकही पाऊल नाही. स्वयंपाकघरात साधी शेगडी नव्हती. तिथल्या भिंतीला हात लावला. कोमट लागली. उन्हानं असेल, म्हटलं. पण त्या भिंतीवर ऊन येत नाही.

सकिनाला काही बोललो नाही. ती पोटभर जेवत होती, हसत होती, गावाचं नाव काढत नव्हती. घराला घरपण आलं होतं. संध्याकाळी कुंपणाशी तिचं बोलणं ऐकू यायचं, फक्त तिचंच. एकदा दोघींचं हसणं आलं. मी दार उघडलं, तसं एक हसणं थांबलं.

मग शेजारचं घर सांगलीच्या आदित्यला मिळालं. तरुण इंजिनियर, उत्साही. मी वीज जोडून दिली, चावी दिली. तो लगेच हसत परत आला.

"हाशमभाई, चावी चुकली! आत जेवणं चाललीत. मलाही बळेबळे बसवत होते. काय प्रेमळ माणसं!"

"कोण माणसं?"

"घर भरलंय नुसतं. म्हणाले, गल्लीत एकही घर रिकामं नाही. मग मी राहू कुठं, विचारलं. तर त्या बाई म्हणाल्या, तुमचं घर आज रिकामं होतंय. वहिनींचं सामान पोचलंसुद्धा."

मी आमच्या घरात धावलो.

कपाट उघडं होतं. तिची बाजू मोकळी.

"सकिना!"

भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"या ना," ती आनंदानं म्हणाली. "ताट वाढलंय. सगळे थांबलेत."

तिच्या पाठोपाठ एका लहान मुलीचा आवाज आला.

"अब्बा, लवकर या."

आम्हाला मूल नाही.