सात वेळा थंड चहा

तिसऱ्या दिवशी सकाळीही चहा थंडच आला. शर्मिष्ठा टिपणीसने पेला ओठांना लावला, तसाच खाली ठेवला आणि वहीत वेळ लिहिली. दोन दिवसांत वहीची चार पानं भरली होती आणि त्यांतल्या एकाही ओळीत चांगलं असं काही नव्हतं.

जपानमधल्या नागानोच्या डोंगरातली ही सराई दीडशे वर्षं जुनी होती. खोल्या फक्त सात. जमिनीवर गवती चटया, सरकती कागदी दारं, देवदाराच्या लाकडाचा न्हाणीहौद, आणि पाहुण्यापुढे गुडघे टेकून चहा ठेवणाऱ्या मालकीण ओकुदाबाई. पण त्या चटयांच्या विणीत पाहुण्याचं वजन कुठल्या पायावर झुकतंय हे टिपणारे धागे होते. दारांच्या चौकटी श्वास मोजत होत्या. पाहुण्याला एखादी गोष्ट हवीशी वाटण्याआधीच ती ओळखणारी ‘पूर्वेच्छा’ नावाची यंत्रणा इथे तीन वर्षं चालू होती. जगभरातून माणसं इथे दोन रात्री राहायला मिळावं म्हणून वर्षवर्ष थांबत.

शर्मिष्ठा मिरजेहून आली होती ती मात्र कामासाठी. ती मेंदूविकारतज्ज्ञ होती. तिच्या रुग्णालयात पक्षाघाताच्या झटक्यामुळे वाचा गेलेल्या रुग्णांचा अठरा खाटांचा विभाग होता. तिथे पूर्वेच्छा बसवावी की नाही, हे तिच्या अहवालावर ठरणार होतं.

पेला तसाच सोडून ती तडक मागच्या अंगणातल्या यंत्रखोलीत गेली. अभिराम वर्दे तिथे होता. मूळचा रत्नागिरीचा, आता जपानात स्थायिक झालेला अभियंता. पूर्वेच्छा त्याचीच निर्मिती.

“पुन्हा सांगा मला, ही तुमची यंत्रणा नेमकं करते काय?” शर्मिष्ठाने उभ्याउभ्याच विचारलं.

अभिरामने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

“डॉक्टर, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तहान लागल्याचं आपल्याला कळतं, त्याच्या बऱ्याच आधी शरीराला कळलेलं असतं. घशाचे स्नायू हलतात, नजर पाण्याकडे जाते, श्वास बदलतो. तहान सोपी झाली. पण एकटं बसावंसं वाटणं, कुणीतरी बोलावं असं वाटणं, यांच्याही खुणा शरीर आधी देतं. पूर्वेच्छा त्या वाचते आणि काय दिलं तर या शरीराचा ताण उतरेल, याचा हिशोब मांडते. मग ओकुदाबाईंच्या कानात सांगते, की अमुक खोलीत अमुक न्या. हात माणसाचे, अंदाज यंत्राचा.”

“माझ्या खोलीत काय येतं ते बघा,” तिने वही त्याच्यापुढे टाकली. “चहा थंड. न्हाणीहौदाचं पाणी असं कढत, की पाय बुडवता येईना. काल दुपारी मला जरा पडायचं होतं, तर तेव्हाच शेजारच्या भिंतीची दुरुस्ती काढली. रात्री उकडत होतं, तर आणखी एक रजई. आणि पलीकडच्या खोलीतले ओसाकाचे ते आजोबा उठायच्या आत त्यांची काठी दाराशी हजर. म्हणजे तुमची यंत्रणा बोलत्याचालत्या, निरोगी माणसालाही धड ओळखत नाही. माझे रुग्ण तर बोटही हलवू शकत नाहीत.”

अभिरामने वही वाचली. त्याचा चेहरा उतरला होता. “तीन वर्षांत असं एकदाही झालेलं नाही.”

“प्रत्येक विक्रेता हेच म्हणतो.”

“मला दुपारपर्यंत वेळ द्या. तुमच्या खोलीच्या नोंदी उघडतो. तुमची परवानगी असेल तर.”

“उघडा. सगळ्या उघडा.”

ती खोलीत परतली आणि अहवाल लिहायला बसली. वाक्यं भराभर सुचत होती. तेवढ्यात दार सरकलं. ओकुदाबाई आत आल्या, गुडघ्यांवर बसल्या, आणि कपाळ चटईला टेकेपर्यंत वाकल्या. तशाच वाकलेल्या स्थितीत त्या जपानीत काहीतरी बोलल्या. शर्मिष्ठाला एक अक्षर कळलं नाही. तिने त्यांना उठवायचा प्रयत्न केला, पण त्या उठेनात. अखेर तिने फोन करून अभिरामला बोलावलं.

तो आला, दाराशी बसला आणि ऐकून सांगू लागला. “त्या म्हणतात, मी चाळीस वर्षं या घरात चहा देतेय. कुणालाही कधी थंड चहा दिला नाही. तुम्हाला सात वेळा दिला. दर वेळी चहा उकळता होता. दर वेळी कानात सूचना आली, की दाराबाहेर थांबा, निवू द्या, मग आत न्या. यंत्रणा कधी चुकलेली नाही म्हणून मी ऐकलं. पण दाराबाहेर उभं राहून चहा निवताना बघणं मला सहन होत नाही. आज मी कानातलं ते यंत्र काढून ठेवलं आहे.”

शर्मिष्ठा अभिरामकडे वळली. “म्हणजे हे चुकून झालेलं नाही. यंत्रणेने मुद्दाम केलं.”

“हो. मी नोंदी पाहिल्या.” त्याने हातातली इलेक्ट्रॉनिक पाटी तिच्यापुढे सरकवली. पडद्यावर तिच्याच तीन दिवसांच्या नाडीची, श्वासाची, तळहातांच्या तापमानाची रेषा होती. “तुम्ही आलात तेव्हा ताण फार होता. पहिला चहा गरम आला होता. आठवतंय? अगदी तुम्हाला आवडतो तसा. तो प्यायल्यावर ताण आणखी वाढला. दुसरा यायला थोडा उशीर झाला म्हणून कोमट निघाला. त्या क्षणी तुमची नाडी खाली आली. यंत्रणेने ते टिपलं. मग पाणी कढत निघालं, श्वास संथ झाला. भिंतीवर हातोडे पडले, हात उबदार झाले. डॉक्टर, दर चुकीला तुमचं शरीर सैल पडलंय. सगळ्यात शांत तुम्ही होता तेव्हा वहीत लिहीत होता.”

“मी चिडलेली होते,” शर्मिष्ठा म्हणाली.

“चिडलेल्या होता आणि तुम्हाला सुटल्यासारखं वाटत होतं. यंत्रणा दुसरं बघते.” तो अडखळला. “तुम्हाला ती चुकायला हवी होती. तिने तुम्हाला हवं ते दिलं.”

संतापाने शर्मिष्ठाचा चेहरा लाल झाला. तिने पाटी दूर ढकलली. काहीतरी कडक बोलायला तोंड उघडलं आणि शब्द आले ते वेगळेच.

“माझ्या आईची वाचा जाऊन दोन वर्षं झाली. त्याच विभागात आहे ती. तिला काय हवं, काय नको, हे मला कळतं. भाऊ म्हणतो, नर्सेस म्हणतात, शर्मिष्ठालाच कळतं. यंत्र आलं आणि त्याने काही वेगळंच सांगितलं, तर दोन वर्षं मी काय करत होते?”

अभिरामने हे भाषांतर केलं नाही. तरी ओकुदाबाईंनी हात पुढे करून तिचा हात धरला.

हात न सोडवता शर्मिष्ठाने विचारलं, “आता मला हे कळलं. उद्या मला वाटू लागलं, की यंत्रणा खरी ठरावी. तर?”

“तर ती खरी ठरेल. चहा गरम येईल.”

“म्हणजे मी अहवालात काहीही लिहिलं, तरी ती माझीच इच्छा.”

“कुठल्याही परीक्षकाचं तेच होणार. खोलीत जो असतो तो पाहुणाच असतो. परीक्षक म्हणून वेगळं बसायला तिथे जागाच नाही.” अभिराम कडवटपणे हसला. “तीन वर्षं मी स्वतः इथे राहून ती तपासली. मला ती यशस्वी व्हायला हवी होती. झाली.”

“आणि एका खोलीत दोघं असले तर?”

त्याने पटकन तिच्याकडे पाहिलं. “ज्याची इच्छा जास्त तीव्र, त्याचं शरीर मोठ्याने बोलतं. यंत्रणा त्याचं ऐकते.”

खाटेवरच्या रुग्णाचं शरीर किती क्षीण बोलतं, हे शर्मिष्ठाला कुणी सांगायला नको होतं. शेजारच्या स्टुलावर बसलेल्या लेकीच्या शरीरापुढे ते ऐकूही येणार नाही.

तिने लिहिलेलं सगळं खोडलं. नव्या पानावर चारच ओळी लिहिल्या. यंत्रणेबद्दल मत देण्यास मी असमर्थ आहे. चाचणी थेट रुग्णावर व्हावी. चाचणीच्या वेळी नातेवाईक आणि डॉक्टर खोलीत नसावेत, आणि सेवा देणारी व्यक्ती रुग्णाला अनोळखी असावी. पहिल्या चाचणीसाठी रुग्ण : श्रीमती मालिनी टिपणीस, वय चौऱ्याहत्तर.

अभिरामने कागद वाचला. “त्या खोलीत काय चाललंय, हे तुम्हाला काचेतूनच बघावं लागेल.”

“माहीत आहे.”

दीड महिन्याने, एका मंगळवारी सकाळी, मिरजेच्या त्या विभागात चाचणी सुरू झाली. सांगलीहून बोलावलेली मंगल नावाची नर्स आत गेली. तिने आधी कधी या विभागात पाऊल टाकलेलं नव्हतं. शर्मिष्ठा व्हरांड्यात काचेपाशी उभी राहिली.

पहिली दहा मिनिटं काहीच घडलं नाही. मंगल खाटेपासून दूर, हात बांधून उभी होती. मग तिने कानाला बोट लावलं, मान डोलावली आणि जाऊन खिडकी बंद केली. पडदाही ओढला.

आईला उजेड लागतो म्हणून गेली दोन वर्षं ती खिडकी शर्मिष्ठा रोज सकाळी स्वतः उघडत होती.

काचेआड खोली अंधुक झाली. त्या अंधुक उजेडात आईच्या कपाळावरच्या आठ्या, ज्या आजारामुळेच आहेत असं सगळे धरून चालले होते, सावकाश सैलावत गेल्या. थोड्याच वेळात तिला झोप लागली.

शर्मिष्ठाचा हात दाराच्या कडीवर गेला होता. तिने तो मागे घेतला. चाचणी संपायला अजून पावणेदोन तास होते. ती मागे सरकून व्हरांड्यातल्या बाकावर बसली.