कानटोपीतली नळी

“एवढ्या गारठ्यात ठेवतात का कुणी?”

मनोरमाबाईंच्या कानाशीच कुणीतरी कुरकुरलं. त्या दह्यासाठी फ्रिजात वाकल्या होत्या; मागे कौस्तुभ पोहे खात होता. पोराला स्वतःशीच बोलायची खोड लागलीय, असं ठरवून त्यांनी दार लावलं.

२०१०चा जानेवारी. जेसल पार्कच्या त्या दोन खोल्यांत दह्याशेजारी सोनं नांदत होतं. कॉलेजचा फ्रिज बिघडला म्हणून कौस्तुभने प्रयोगाच्या नळ्या घरी आणलेल्या. सोन्याचे इतके बारीक कण, की पिवळेपणही उरत नाही. जांभळ्या दिव्याखाली मात्र लाल उजळायला हवेत. भोवती अंड्याच्या पांढऱ्याचं वेष्टन. ते सैल बसलं की कण थरथरतात आणि उजेड वाया जातो. कौस्तुभचं सैलच बसत होतं. सोमवारी गाईडसरांना उजळलेली नळी दाखवली नाही, तर संशोधन बंद.

“घरात अंडी? बाबांनी तर...” धाकटी संपदा मध्येच थांबली. दशरथरावांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचं नाव निघालं की तिघंही आपापल्या ताटात बघत.

शनिवारी सकाळी फ्रिजात एक नळी कानटोपीत गुंडाळलेली सापडली. दशरथरावांची तपकिरी कानटोपी, हनुवटीखालचं टिचबटणसुद्धा लावलेलं. घरात कुणी शिंकलं, की ते हीच घेऊन मागे लागायचे. वर्षभर ती कपाटात डांबरगोळ्यांत होती.

“संपे, ही गंमत तुझी?”

“मी कशाला हात लावतेय तुझ्या बुळबुळीत सोन्याला!”

दोघांनी आईकडे पाहिलं. मनोरमाबाईंनी चहात साखर घातली. मग पुन्हा घातली.

कौस्तुभने टिचबटण उघडलं, टोपी टेबलावर टाकली आणि नळी दिव्याखाली धरली. निखारा!

“आई, वेष्टन घट्ट बसलंय! सुटलो!” तो नाचलाच. मग थबकला. “पण याला ऊब लागते. अंगाइतकी. फ्रिजात कुठून आली?”

मनोरमाबाईंनी नळी हातात घेतली. कुणाच्या तरी मुठीतून काढल्यासारखी कोमट.

कौस्तुभने दिवा बंद केला.

नळी विझली नाही.

“दादा,” संपदा हळूच म्हणाली, “फ्रिजपाशी कुरकुरतोस तो तूच ना?”

“मी? मला वाटायचं, आई कुरकुरतेय.”

मनोरमाबाईंना हसू फुटलं, डोळेही भरले. छातीवरचा पाटा कुणी उचलून बाजूला ठेवावा, तसं झालं.

“हे गेलेच नाहीत रे,” त्या म्हणाल्या, आणि टेबलावरच्या रिकाम्या कानटोपीकडे वळल्या. “अहो, आता तुम्ही घाला ती. गारठा आहे.”

टिचबटण टचकन लागलं.