पाठराखीण

मासा न मारता त्याचं वय कळतं, हे हौसाबाई असवल्यांना काही केल्या पटत नव्हतं. खडकुलीच्या डोहाकाठी शबनमने दोन बांबूंना ओल्या कापडाची झोळी बांधली होती. झोळीत चार किलोचा खडस मासा कल्ले हलवत पडला होता आणि टॉर्चएवढं एक यंत्र त्याच्या डोक्यावर धरून ती श्वास रोखून उभी होती.

"पाळण्यात घातलाच हाय, तर बारसं पण उरकून घ्या," हौसाबाई म्हणाल्या.

"तुम्ही जरा गप्प बसा हो," डॉ. चारुशीला घाणेकरांनी त्यांना दटावलं आणि बांबू सरळ करायला स्वतःच पुढे झाल्या. मासा असा काही उसळला की त्या आणि शबनम दोघी नखशिखांत भिजल्या. बत्तीस वर्षं या बाई माशांच्या अभ्यासासाठी हौसाबाईंच्या ओसरीवर उतरत होत्या, त्यांच्याच हातची भाकरी खात होत्या. एकमेकींना दटावायचा हक्क बाईंनी आणि हौसाबाईंनी केव्हाच कमावला होता.

यंत्राचं नाव कर्णवाचक. माशाच्या कानात राईच्या दाण्याएवढा एक खडा असतो. त्याच्यावर रोज एक झिरझिरीत थर चढतो आणि त्या दिवशी मासा ज्या पाण्यात असेल, त्या पाण्यातले क्षार त्या थरात अडकतात. थोडक्यात, मासा जन्मापासून आपली रोजनिशी कानात ठेवतो. पूर्वी ती वाचायची तर मासा मारून खडा काढावा लागे. चारुशीलाबाईंची विद्यार्थिनी डॉ. शबनम मुजावर आठ वर्षं खपली आणि जिवंत माशाच्या कानातलं बाहेरूनच वाचणारं हे यंत्र तिने बनवलं. बाईंना वाटणारा अभिमान त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

पण आज कौतुकाला वेळ नव्हता. डोहात आता सातच मासे उरले होते.

बाई पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा चाळीसच्या वर होते. खाली साठ हात उंचीचा धबधबा, तो चढून मासा वर येणं अशक्य. मग हे आले कुठून? तरुण चारुशीलाने याचं उत्तर शोधलं होतं. दोन लाख वर्षांपूर्वी हा ओढा डोंगरापलीकडच्या दुधवी नदीला मिळत असावा. पुढे कडा झिजला, ओढ्याने दिशा बदलली आणि दुधवीचे मासे इकडे अडकून वेगळे होत गेले. इथल्या माशांचे ओठ जाड, खवले काळपट, म्हणून तिने त्यांची वेगळी जात ठरवली आणि 'खडकुली खडस' असं नाव दिलं. पुढे जनुकं तपासली, तर फरक अगदी नगण्य निघाला. तेव्हा बाईंनी लिहिलं की वेगळं होणं अजून ताजं आहे. परदेशातल्या पुस्तकांतही हे उदाहरण गेलं. बाईंचं अख्खं नाव या एका डोहावर उभं होतं.

आणि गेल्या चोवीस वर्षांत या डोहात एकही पिल्लू दिसलं नव्हतं. पाणी तापलं म्हणावं, तर बाईंनी काठावर जांभळी लावून सावली केली. शेतातले विषारी फवारे म्हणावेत, तर अख्ख्या गावाने त्यांच्या शब्दाखातर ते बंद केले. तरी मासे एकेक करून म्हातारे होऊन मरत राहिले. महिनाअखेर बाई निवृत्त होणार होत्या. जाण्यापूर्वी एवढं एक कोडं सुटावं, मासे वाचावेत, म्हणून त्यांनी शबनमला बोलावून घेतलं होतं.

"वय पंचवीस वर्षं आठ महिने," शबनमने पडद्यावर वाचलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "मॅडम, यंत्र बिघडलं वाटतं. पहिले आठ महिने हा इथे नव्हताच. हे क्षार दुधवीचे आहेत."

"काहीतरीच काय! मध्ये अख्खा डोंगर आहे."

"आणि मधल्या एका दिवसाच्या थरात नुसतं तांबं आहे. त्याच्या पुढे खडकुलीचं पाणी."

यंत्र तपासलं. ते धडधाकट होतं. दुसरा मासा झोळीत घेतला, मग तिसरा. सातही माशांची तीच गत: जन्म दुधवीत, एक दिवस तांब्यात, बाकी आयुष्य इथे. साल तेवढं प्रत्येकाचं वेगळं, महिना मात्र दरवेळी एप्रिल नाहीतर मे.

"तांब्याची खाण आहे का वर कुठे?" शबनमने विचारलं.

"खाण कसली," बाई पुटपुटल्या. "आणि मे महिन्यात ओढा कोरडा ठणठणीत असतो. आणील कोण त्यांना?"

हौसाबाईंना विचारावं म्हणून बाईंनी वळून पाहिलं. म्हातारी पदराने डोळे पुसत होती.

"पोरी, त्यो पयला मासा किती सालामागचा म्हनलीस?"

"पंचवीस वर्षांपूर्वी आला. मेचा दुसरा आठवडा."

"मंग त्यो आमच्या बायडाचा," हौसाबाई म्हणाल्या. बायडा म्हणजे त्यांची सून. "त्याच आठवड्यात तिचं लगीन झालं. अजून हाय का जित्ता! तिला सांगते, हरखून जाईल."

आणि मग बत्तीस वर्षांत जे कुणी बोललं नव्हतं, ते हौसाबाईंनी भाकरी थापता थापता सांगावं इतक्या सहज सांगितलं. पलीकडच्या आंबोशीची मुलगी इकडे द्यायची झाली की निघताना तिची आई दुधवीतलं बोटभर पिल्लू तांब्याच्या कळशीत घालून देई. सहा तासांची डोंगरवाट ती कळशी नवरीने स्वतः वागवायची आणि सासरी पाऊल टाकण्याआधी मासा डोहात सोडायचा. ती तिची पाठराखीण. नवरीसोबत सासरी आलेली पाठराखीण बाई चार दिवसांनी माघारी जाते, ही जन्मभर राहते. पाण्याला आलं की तिच्याशी बोलायचं, सासूचं गाऱ्हाणं सांगायचं. घरात नळ आले तरी बायका डोहावर येत त्या यासाठीच.

"पण तुम्ही मला कधी सांगितलं का नाही?" बाईंनी विचारलं.

"तुमी इचारलं कवा? वही घेऊन बसायच्या त्या पाटलाच्या ओट्यावर, बाप्यांच्यात. त्यांना काय ठाव बायकांचं?" हौसाबाईंनी समोर बोट दाखवलं. "आन् मंग तुमी पाटी लावली."

पाटी समोरच होती, कडुनिंबाला ठोकलेली. 'बाहेरून मासे आणून या डोहात सोडण्यास सक्त मनाई.' चोवीस वर्षांपूर्वी बाईंनी ती स्वतः रंगवली होती. जात शुद्ध राहावी म्हणून.

"आमाला वाटलं, बाईंना समदं कळलंय आन् त्या मना करतायत. शिकल्यालं मानूस, माशाच्या भल्याचंच सांगत आसंल. तुमच्या शब्दाभाईर कोण जानार? तवापासनं ज्या सुना आल्या त्या एकट्याच आल्या."

चारुशीलाबाई खडकावर बसल्या. इथे मासे कधी वाढलेच नव्हते. अंडी घालायला लागतो तसा वाहता वाळूचा पट्टा या डोहात नव्हताच, आणि हे त्यांना पहिल्या वर्षीच दिसलं होतं; पण तेव्हा पिल्लं दिसत होती, म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. जाड ओठ आणि काळे खवले इथल्या खडकाने आणि खाण्याने दिले होते. मासे वाचवायला म्हणून त्यांनी जे केलं, त्यानेच मासे संपत आले होते. त्यांना रडू आवरेना. हौसाबाई शेजारी टेकल्या आणि लेकराला थोपटावं तशा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"रागावलात ना माझ्यावर?" बाईंनी विचारलं.

"रागावले आसते तर बत्तीस वरसं भाकरी घातली नसती." मग हौसाबाईंनी हळूच मुद्द्याला हात घातला. "नातवाचं लगीन हाय आठ दिसांनी. पोरगी आंबोशीचीच. आनू दे का तिला पाठराखीण?"

शबनम चुळबुळली. "मॅडम, एका नदीचा मासा दुसरीत सोडू नये, हा पहिला धडा तुम्हीच आम्हाला दिलात. आणि खडकुली खडस ही वेगळी जात नाही असं छापलं, की तुमचं सगळं..."

"ते तर छापायचंच. सही माझी असेल," बाई नाक पुसत म्हणाल्या. "आणि धडा खरा आहे, ऊठसूट कुणी कुठेही मासे सोडले तर नद्यांचा सत्यानाश होईल. पण इथे किती पिढ्या हे चाललंय कोण जाणे, आणि डोहाचं काही बिघडलेलं नाही. नदीने आणले तर मी त्याला उत्क्रांती म्हणत होते. बाईने आणले म्हणून ती चूक कशी ठरेल? पिल्लाला रोग नाही ना, तेवढं तू तपास." त्या उठल्या आणि दगडाने पाटीचे खिळे उपसू लागल्या.

आठ दिवसांनी नवरी आली. आंबोशीहून आता गाडीरस्ता होता, तरी ही मुलगी हट्टाने डोंगर चढून आली. तिच्या दोन्ही बाजूंना खडकुलीच्या लेकीसुना होत्या. एकट्या आलेल्या सुनाही होत्या आणि दोघी-तिघींच्या हातात आंबोशीच्या माहेराहून आणलेल्या कळश्या होत्या. बायडा पाण्यात गुडघाभर उभी राहून आपला मासा कुठे दिसतो का पाहत होती. शबनमने तपासून होकार दिल्यावर नवरीने कळशी वाकडी केली. पिल्लू क्षणभर काठाशी घुटमळलं आणि खोल पाण्यात गेलं.

शबनमने टॅबवर नोंद उघडली. लांबी, वजन, तारीख भरून झाली आणि शेवटच्या रकान्यापाशी तिचं बोट थांबलं. "मॅडम, इथे काय भरू? स्थानिक की बाहेरचा?"

उत्तर हौसाबाईंनी दिलं, खरं तर उलट विचारलंच.

"त्याचं मागनं बघू. त्रेपन्न वरसं झाली मला आंबोशीहून हितं येऊन, आधी माझं काय लिवशील ते सांग."