चिंधाचा सफेदा

ज्याला खोटं वाटेल त्यानं सरळ पान उलटावं. कुणाची समजूत काढत बसायला मला वेळ नाही.

हे माझ्या मावसभावाबरोबर घडलं. वनाबरोबर. भडगावात, सत्त्याण्णवच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला.

रात्री नाही... भर दुपारी दोन वाजता.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडची मे महिन्याची दुपार बघितलेली नाही. रस्त्यावर कुत्रं नसतं. पत्रे तडतडतात. बाकी आवाज नाही.

एस्टी स्टँडच्या मागं गिरधरशेठचं पत्र्याचं गेम पार्लर होतं. आत दोन मशिनी. वनानं नववीतून शाळा सोडली आणि दिवसभर तिथंच पडलेला असायचा.

शेठचा एक नियम होता. चपला बाहेर.

"मशीन म्हणजे लक्ष्मी," म्हणायचा. रोज सकाळी काचेला हळद-कुंकू लावायचा. पोरं दाराबाहेर चपलांची रांग लावून अनवाणी आत जायची. उन्हाळ्यात मशिनीपुढं ओलं पोतं अंथरलेलं असायचं. पायाला गार वाटायचं.

मशीन कधीकधी चावायची. बटणांखालच्या लोखंडी पट्टीला हात लागला की झिणझिण... कोपरापर्यंत.

"शेठ, तुमची लक्ष्मी चावली!" पोरं ओरडायची.

"प्रसाद समज," शेठ हसायचा.

पण शेठच्या स्वतःच्या पायात कायम रबरी स्लीपर. आतसुद्धा.

वनानं ते बघितलं होतं. नंतर ते आठवलं की त्याच्या डोक्यात सणक जायची.

चिंधा म्हणजे वनाचा जोडीदार. डावखुरा. हातांची कैची करून खेळायचा. उजवा हात हँडलवर, डावा बटणांवर. बघणाऱ्याला हसू यायचं, पण हरवायची कुणाची टाप नव्हती.

कारण सफेदा.

फायटिंगच्या गेममध्ये एक मिशाळ गडी होता. त्याचा शेवटचा वार म्हणजे सफेदा. अख्खा पडदा पांढरा व्हायचा आणि समोरचा एका फटक्यात खल्लास. पण तो वार हवा तेव्हा निघत नसे. आपलीच लाईफ संपत आली, लाल रंगाचा एवढासा तुकडा लुकलुकायला लागला, की मगच निघायचा.

म्हणजे मरता मरता मारायचा.

तो फक्त चिंधाला जमायचा. मारायच्या आधी तो टाळूला जीभ लावून एक आवाज करायचा.

टॉक्.

हा आवाज आला की समोरचा पोरगा शिव्या देत हँडल सोडून द्यायचा.

शहाण्णवच्या एप्रिलमध्ये, आखाजी होऊन चारच दिवस झाले होते. पार्लरमध्ये तिघंच. शेठ, वना, चिंधा.

"वना, पोतं वाळलं बघ. भिजव."

वनानं बादली ओतली. अख्खी.

चिंधा खेळत होता. लाल तुकडा लुकलुकला. टॉक्...

पडदा पांढरा झाला नाही.

चिंधा पट्टीला चिकटला. शेठनं धावत जाऊन मेन स्विच पाडला. चिंधा पोत्यावर पडला... आणि उठला नाही.

शेठनं एक मिनिटसुद्धा घालवलं नाही. चिंधाला उचलून मागच्या लिंबाखाली नेलं. बाहेरच्या चपला आणून त्याच्या पायात कोंबल्या. मग वनाची कॉलर धरली.

"ऊन लागलं म्हणायचं. समजलं? पाणी तू ओतलंय. पोलीस आधी तुला नेतील."

शेठनं कॉलर सोडली.

"आणि ऐक... आजपासून तुला गेम फुकट."

वना वर्षभर फुकट खेळला.

चिंधाची आई भिकुबाई दोन गल्ल्या पलीकडं राहायची. त्या दिवशी सकाळी मायलेकरांचं भांडण झालेलं. "मर तिकडं" म्हणून तिनं पोराला घराबाहेर काढलं होतं. त्यामुळं वर्षभर एकच घोकायची.

"मीच त्याले उनमा काढी दिधं रे वना. मना तोंडनीच हाय लागनी त्याले."

आणि आणखी एक.

"पण त्याना पायमा उलट्या चपला कसाले व्हत्या? डावी उजव्यामा, उजवी डाव्यामा..."

वना घरी जाऊन भिंतीवर बुक्क्या मारायचा.

पुन्हा आखाजी आली. आमच्याकडं त्या दिवशी मेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. भिकुबाईनं चिंधाची पहिली घागर भरली होती. वर खरबूज ठेवलेलं. वना दारावरून जात होता, तिनं हाक मारली.

"वना, तू त्याना जोडीदार. ये, पाया पड."

त्याला पाया पडता आलं नाही. तो तसाच निघाला. डोकं तापलेलं. आज शेठचं थोबाड फोडायचं, बस.

पार्लरशी आला. लाईट गेलेली होती. दारातून दिसत होतं, आत शेठ एकटाच खुर्चीत घोरतोय. मशिनी बंद, काळ्या.

बाहेर मात्र चपलांचा एक जोड होता...

अंगठा तारेनं बांधलेला.

डावी उजवीकडं... उजवी डावीकडं.

 ही तार वनानंच चिंधाला बांधून दिली होती. आणि ह्या चपला भिकुबाईनं चिंधाबरोबर जाळल्या होत्या.

तो आत गेला. चपला न काढता.

तेवढ्यात मशीन लागली.

लाईट नव्हती. पंखा बंद होता. तरी पडदा उजळला. एकीकडं वनाचा नेहमीचा पहिलवान. दुसरीकडं...

मिशाळ.

दुसऱ्या बाजूचं हँडल हललं. खट्. बटणं आपोआप दबत होती.

"ये!" वना ओरडला. "ये ना, हरामखोर! मला मारायचंय ना? मार!"

भीतीपेक्षा राग मोठा होता. वना पिसाळल्यासारखा खेळला. मिशाळची लाईफ उतरत गेली. लाल तुकडा राहिला. लुकलुक... लुकलुक...

आता सफेदा येणार.

आला नाही.

मिशाळ नुसता उभा. पडद्यावरच्या घड्याळाचे आकडे सातवर थांबलेले. हँडल सरळ.

वाट बघत होता.

शेठ जागा झाला. पडद्याकडं बघून त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "लाईट... आली का रे?"

 वना धावत सुटला आणि भिकुबाईला हाताला धरून ओढतच घेऊन आला. तोवर पाच-दहा मिनिटं गेली असतील.

मिशाळ तसाच उभा होता.

"शेठ, लाईट नाही ना?" वना म्हणाला.

"नाही."

"मेन स्विच पण पाडलाय. मीच पाडला आत्ता. बघ. मग स्लीपर काढ आणि ह्या पट्टीला हात लाव."

"बंद कर फालतूपणा. निघा दोघं."

"हात लाव!"

"अरे, झटका बसेल!"

शेठचं तोंड तसंच उघडं राहिलं.

भिकुबाई हळूच बोलली. "कसाना झटका, शेठ?"

मग वनाचं तोंड सुटलं. पट्टी, पोतं, रबरी स्लीपर, लिंबाखाली नेलेलं प्रेत. "ऊन नही लागनं माय! ह्यानी मारा त्याले! चपला ह्यानीच घाल्या, घाईमा, उलट्या! तुनी हाय नही लागनी!"

सगळं सांगितलं.

एवढंच सोडून... की बादली कुणी ओतली. आणि वर्षभर फुकट कोण खेळलं.

भिकुबाई मशिनीजवळ गेली. चपला काढल्या. पट्टीवर हात ठेवला, पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा.

काही झालं नाही. झटका नाही, काही नाही.

मग, अगदी वनाच्या कानाशी...

टॉक्.

पत्र्याचं अख्खं पार्लर पांढरंफेक झालं.

डोळे उघडले तेव्हा मशीन बंद होती. काचेवरचं कुंकू काळं पडलेलं. शेठ दाराबाहेर पळत होता, अनवाणी, तापलेल्या डांबरावरून. स्लीपर आत पोत्यावरच राहिल्या. त्याच आठवड्यात कुलूप लागलं. तो साक्रीकडं गेला म्हणतात. भिकुबाईनं पोलिसांत सांगितलं, पण पुढं काही झालं नाही. असल्यांचं कधी काही होतं का?

भिकुबाई आता स्वतःला दोष देत नाही. वनाला बघितलं की म्हणते, "तूच मना चिंधा."

हे ऐकलं की वना जेवत नाही.

बादलीचं त्यानं फक्त मला सांगितलं, परवा. म्हणाला, "तेव्हा पडदा पांढरा व्हायच्या आधी एक क्षण दिसलं मला. सफेदा शेठवर नव्हता रे. समोर माझा गडी होता."

मी म्हटलं, जाऊन सांगून टाक. तो माझ्या अंगावरच धावून आला. मग म्हणाला, "तू लिही. छापून येऊ दे."

मी लिहिलं. पण भिकुबाईला वाचता येत नाही. वाचून दाखवायला वनालाच जावं लागेल.

तो अजून गेलेला नाही.

काल आमच्याकडं मुक्कामाला होता. रात्री त्यानं चपला दाराशी नीट काढल्या, मी बघितल्या.

सकाळी मी दार उघडलं...

डावी उजवीकडं होती.